मागच्या बाजूची यादी

३ फेब्रुवारी

तपासनीस सरांना नमस्कार.

माझा विद्यार्थी क्रमांक २१७. टपालाने चित्रकला शिकायचा तुमचा अभ्यासक्रम मी घेतला असं कागदोपत्री दिसेल, पण फॉर्म माझ्या बायकोने भरला. सहीपुरता मी. आठ महिन्यांनी मी निवृत्त होणार, आणि तेव्हा मी दिवसभर घरात फिरून डब्यांची झाकणं नीट लागली आहेत का ते बघत बसेन, अशी तिला पक्की खात्री आहे. ‘माझ्या डोक्यावर बसण्याआधी काहीतरी शिकून घ्या,’ म्हणाली. रंगांची पेटीही तीच घेऊन आली.

फॉर्ममध्ये व्यवसायाच्या रकान्यात तिने नुसतं ‘क्रेन’ लिहिलंय. म्हणून सांगतो. मोठ्या कारखान्यात छताखालून जाणारी क्रेन असते ना, ती मी तेहेतीस वर्षं चालवतोय. बेचाळीस पायऱ्या चढून गेलं की काचेची केबिन. तिथे बसून लोखंडी पत्र्यांच्या थप्प्या इकडून तिकडे न्यायच्या. खाली माझा सख्खा धाकटा भाऊ साखळ्या अडकवतो आणि मला हाताने खुणा करतो. वर, खाली, सावकाश, थांब. एकोणीस वर्षं आम्ही असे हातवाऱ्यांनीच बोलतोय. घरी आल्यावर बोलायला काही उरत नाही. तेहेतीस वर्षांत माझ्या हातून कुणाच्या अंगावर ओरखडासुद्धा उठलेला नाही. फुशारकी वाटेल, पण आहे ते आहे.

पहिला स्वाध्याय सोबत पाठवतोय. कप आहे. मला तरी कपच वाटतो.

आपला,
क्र. २१७


१७ फेब्रुवारी

क्र. २१७ यांस,

मी सर नाही, बाई आहे. इथे चार तपासनीस आहोत आणि चौघीही बायका, पण पत्रं सगळी सरांनाच येतात.

कप मिळाला. त्यावर पारदर्शक कागद ठेवून लाल पेन्सिलीने दुरुस्ती केली आहे, ती बघा. कपाचं तोंड तुम्ही पूर्ण गोल काढलंत, कारण ते गोल असतं हे तुम्हाला ठाऊक आहे. पण समोर बसल्यावर ते तसं दिसत नाही. ठाऊक आहे ते काढू नका, दिसतं तेवढंच काढा. आमचा निम्मा अभ्यासक्रम या एका वाक्यात आहे, बाकीचा निम्मा ब्रश नीट धुण्यात. दहापैकी तीन गुण.

दुसरा स्वाध्याय याच सवयीवर इलाज म्हणून आहे, म्हणून नियम नीट वाचा. मांडणी तुम्ही करायची नाही, घरातल्या दुसऱ्या कुणी करायची. तुम्ही खोलीबाहेर थांबा. त्या माणसाने टेबलावर सात वस्तू मांडायच्या, कागदाच्या मागे डावीकडून उजवीकडे त्यांची यादी लिहायची आणि यादीवर दुसरा कागद चिकटवून ती झाकायची. मग तुम्ही आत या. टेबलामागच्या भिंतीवर मधोमध एक खिळा असू द्या. कागदावरून मान वर केलीत की नजर फक्त त्या खिळ्यावर. वस्तूंकडे थेट बघायचं नाही. कडेकडेने जेवढं दिसेल तेवढं काढायचं, रंगवायचं. यादीवरचा कागद इथे आल्यावर मी फाडते.

बेचाळीस पायऱ्या रोज चढणाऱ्या माणसाला हे अवघड जाऊ नये.

तपासनीस, क्र. ४


५ मार्च

बाई,

सरांबद्दल माफी. बायकोने पत्र वाचलं आणि तुमच्या बाजूने हसली.

स्वाध्याय दोन पाठवतोय. नियम तंतोतंत पाळले. मला तिने बाहेर अंगणात काढलं आणि आतून कडी लावली. चित्र झाल्यावर मी स्वतःच थोडा वेळ बघत उभा राहिलो. किटली किटलीसारखी आली आहे, काचेच्या पेल्यातून मागचं फडकं दिसतंय, आणि टेबलाची लाकडाची रेघ बघा, डावीकडे कशी स्वच्छ गेली आहे. धाकट्याला दाखवलं तर म्हणाला, ‘दादा, हे तू काढलंस?’ तीनदा विचारलं. दुसऱ्यांदाच्या पुढे मला राग यायला लागला.

या वेळी तीनच्या वर जाईन असं वाटतं.

आपला,
क्र. २१७


१६ मार्च

क्र. २१७ यांस,

दोन गुण.

किटली चांगली आहे, पेला तर फारच चांगला. म्हणूनच मला जास्त राग आला. मागच्या यादीत सात वस्तू आहेत: कांदा, कात्री, किटली, पेला, फडकं, लिंबू, दौत. चित्रात पाच. डावीकडचा कांदा आणि कात्री तुम्ही खुशाल गाळलीत आणि त्या जागी रिकामं टेबल रंगवलंत, तेही इतकं मन लावून की क्षणभर मीच फसले. कात्री काढायला कंटाळवाणी असते, मला माहीत आहे. पण कंटाळा आला तर तसं लिहावं. तपासनीसाच्या डोळ्यात धूळ फेकू नये.

त्याच वस्तू, त्याच जागी, पुन्हा एकदा. या वेळी सातही.

तपासनीस, क्र. ४


२९ मार्च

बाई,

तुमच्या पत्राने माझ्या घरात आग लागली आहे.

मी कांदा गाळला नाही. कात्री गाळली नाही. टेबलावर त्या नव्हत्याच. बायकोला विचारलं तर म्हणते, मी ठेवल्या होत्या. म्हटलं, यादीत लिहिल्यास पण ठेवायला विसरलीस. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मग पुन्हा मांडायला लावलं. पुन्हा मी बाहेर, पुन्हा कडी. आत आलो, खिळ्याकडे बघितलं. कांदा नाही, कात्री नाही. मी मुद्दाम तिला काही बोललो नाही. गुपचूप चित्र पुरं केलं आणि ब्रश ठेवून टेबलाजवळ गेलो, तर दोन्ही तिथेच! म्हणजे मी मान खाली घातली की ही उचलत असणार आणि शेवटी पुन्हा ठेवत असणार. तसं तिला स्पष्ट विचारलं. परवापासून ती माझ्याशी बोलत नाही. जेवण वाढते, पण हूं की चूं नाही. दुसरं चित्र सोबत आहे. बघा आणि तुम्हीच न्याय करा.

हल्ली सगळ्यांनी मिळून मला वेड लावायचं ठरवलंय की काय कोण जाणे. मंगळवारी धाकट्याने तोच प्रकार केला. मी थप्पी खाली घेत होतो, जागा पूर्ण मोकळी, आणि अगदी हातभर अंतर उरलं असताना हा खालून उडी मारून बाजूला झाला. कोपर सोलवटलं. केबिनच्या काचेवर मुठी आपटत मी त्याला शिव्या दिल्या. संध्याकाळी म्हणतो कसा, ‘दादा, मी तिथेच उभा होतो. थांब थांब म्हणून हात दाखवत होतो.’ एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्याने असा हलगर्जीपणा केला, आणि वर मलाच सांगतो.

आपला,
क्र. २१७


२ एप्रिल
(जलद टपालाने)

क्र. २१७ यांस,

तुमचं पत्र वाचून मी जागची उठले आणि दोन्ही चित्रं खिडकीच्या काचेवर एकावर एक धरली. दोन्हींत तोच कोपरा रिकामा आहे. डावीकडचा, खालचा. त्याची हद्दसुद्धा जुळते.

तुमची बायको काही उचलत नाही. तुमचा भाऊ हलगर्जी नाही. तुम्हीही आळशी नाही. तुम्हाला आळशी म्हणाले ती मी चुकले, आणि त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. तुम्ही नियम पाळलात. दिसलं तेवढंच काढलंत. तुम्हाला तिथलं दिसत नाही.

मी डॉक्टर नाही. पण माझे वडील शिंपी होते. त्यांच्या बाबतीत हे हळूहळू झालं, आणि त्यांना स्वतःलाच कळलं नाही. डोळ्यांपुढे काळा डाग वगैरे काही येत नव्हता. न दिसणाऱ्या जागी आजूबाजूचंच काहीतरी दिसायचं, भिंत असेल तर भिंत, कापड असेल तर कापड. ते पेले लवंडायचे, दाराच्या चौकटीला खांदा धडकवायचे, आणि मी त्यांना धांदरट म्हणून हसायचे. दोन वर्षं हसत होते. डॉक्टरकडे नेलं तेव्हा वाचवण्यासारखं फार थोडं राहिलं होतं.

डोळे तपासून घ्या. या आठवड्यात. आणि तोपर्यंत कृपा करून त्या केबिनमध्ये चढू नका. मंगळवारी तुमचा भाऊ त्याच कोपऱ्यात उभा होता.

तपासनीस, क्र. ४


९ एप्रिल

बाई,

तुम्ही माझी चित्रं तपासा. मला तपासू नका.

दरवर्षी कारखान्यात डोळे तपासतात. भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची, मुंगीएवढी ओळ मी घडाघडा वाचतो. माझ्याहून वीस वर्षांनी लहान माणसं तिथे अडखळतात. एका कांदा-कात्रीवरून तुम्ही माझी तेहेतीस वर्षं निकालात काढलीत. सहा महिने राहिलेत माझे. शेवटच्या दिवशी मी स्वतःच्या पायांनी त्या बेचाळीस पायऱ्या उतरणार आणि खाली सगळे उभे असणार. जुन्या क्रेनवाल्यांना असंच उतरवतात आमच्याकडे. मधेच कुणी ‘याला दिसत नाही’ म्हणून दंडाला धरून उतरवलं, तर ते तोंड मी कुणाला दाखवू?

आणि भावाचं नाव यात आणायचं नाही. त्याला मी लहानपणी पाठीवर बसवून शाळेत नेलंय.

माझं नाव अभ्यासक्रमातून काढून टाका. पुन्हा पत्र पाठवू नका.

क्र. २१७


१४ एप्रिल

क्रेनवाले,

नाव काढायचा अधिकार मला नाही, त्यामुळे तुम्ही अजून माझे विद्यार्थी आहात. रागवा, पण शेवटपर्यंत वाचा.

तक्ता वाचताना माणूस अक्षराकडे थेट बघतो. मधलं दिसतं की नाही एवढंच त्यातून कळतं. कडेचं काही कळत नाही. माझे वडीलही सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवायचे.

तुमच्या कारखान्याचं नाव मला माहीत नाही. माहीत असतं तर याआधीच तिथे लिहिलं असतं, हे तुमच्यापासून लपवत नाही. तुमच्या बायकोचं अक्षर मात्र माझ्यासमोर फॉर्मवर आहे, आणि पत्ताही. तीस तारखेपर्यंत तुमचं उत्तर आलं नाही, तर मी तिला सगळं लिहीन. धमकी वाटली तर वाटू द्या.

त्याआधी एक स्वाध्याय देते. अभ्यासक्रमात तो नाही. जेवणाच्या सुट्टीत, क्रेन बंद करून, किल्ली काढून खिशात टाका. हूक रिकामा आणि वर घेतलेला हवा. कागद घेऊन केबिनमध्ये बसा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवा, काम करताना असतात तसेच. खिळ्याच्या जागी हूक धरा. मान वर केली की नजर हुकावर. खाली जे दिसेल ते काढा. मांडणी भावाला करू द्या. तुम्ही पाठ करून बसा. यादी त्याने लिहायची, झाकायची.

सगळं आलं, तर मी खोटी. तसं तुम्हाला लिहून देईन, आणि दहापैकी दहा गुण देईन. आजवर कुणाला दिलेले नाहीत.

तपासनीस, क्र. ४


२७ एप्रिल
(जलद टपालाने)

क्रेनवाले,

टपालवाला आत्ताच येऊन गेला. तुमचं काही नाही.

तुमच्या बायकोला लिहिलेलं पत्र पाकिटात घालून टेबलावर ठेवलं आहे. तिकीटही लावलं आहे. मला ते टाकायची वेळ आणू नका, किंवा खरं सांगायचं तर आता वाट बघवत नाही. वर्तमानपत्र उघडताना मी आधी अपघातांचं पान बघते.

एक ओळ लिहा. शिव्या लिहिल्यात तरी चालतील.

तपासनीस, क्र. ४


२९ एप्रिल

बाई,

तुमचं ते पाकीट फाडून टाका. बायकोला सगळं ठाऊक आहे.

आधी लाज वाटते ते सांगतो. तुमचं चौदा तारखेचं पत्र आठ दिवस माझ्या खिशात होतं, आणि ते आठही दिवस मी भार उचलले. रोज सकाळी ठरवायचो की आज स्वाध्याय करू. रोज जेवणाच्या सुट्टीत काहीतरी निमित्त काढायचो. थप्पी खाली घेताना दोनदा बघायचो, तीनदा बघायचो. एकदा धाकट्याने ‘खाली घे’ खूण केल्यावरही मी भार तसाच धरून ठेवला. खाली सगळे वर तोंड करून बघत राहिले. बाई, मला तेव्हाच कळलं होतं. कळलेलं मान्य करायला वेळ लागला.

गुरुवारी किल्ली काढली. धाकट्याला सांगितलं, तर आधी खो खो हसला. ‘दादा, लोक निवृत्तीनंतर वेडे होतात, तू आधीच झालास.’ पण केलंन सगळं. मी पाठ करून बसलो. खालून सामान ओढल्याचे आवाज येत होते. मग तो बेचाळीस पायऱ्या चढून वर आला, कागदाच्या मागे यादी लिहिली, वर कागद चिकटवला आणि खाली गेला. मी हुकाकडे तोंड केलं.

सुट्टीत कारखाना शांत असतो. तेहेतीस वर्षांत त्या शांततेत मी केबिनमध्ये कधी बसलो नव्हतो. पत्र्यांची थप्पी दिसली. पाण्याचं पिंप दिसलं, हातगाडी दिसली, भिंतीला टेकवलेली शिडी दिसली. चारही काढल्या. खाली डावीकडे फरशी होती, तेलाच्या डागांची, करडी. तीही नीट रंगवली, तिच्यावर दोन हात दिले. माझा हात हलका झाला होता. मनात म्हटलं, सगळं आलंय, बाईंना आता दहा गुण द्यावे लागणार.

भोंगा व्हायला पाच मिनिटं होती. धाकटा धापा टाकत वर आला. चित्र हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, तीनदा विचारणार की हे तूच काढलंस का.

म्हणाला, “दादा, छान आलंय. पण मी कुठे आहे?”

मी म्हटलं, “तू कुठे होतास?”

“तिथेच. पिंपाच्या डावीकडे. तू काढायला बसल्यापासून उभा होतो. मधे मधे हातही हलवत होतो, तुला हसवायला.”

मी कागद उलटा केला आणि मागचा चिकटवलेला तुकडा फाडला. तिथे त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात पहिलंच लिहिलं होतं: ‘१. मी.’ मग पिंप, थप्पी, हातगाडी, शिडी.

त्याला तोवर काही माहीत नव्हतं. तुमचं पत्र मी त्याच्या हातात दिलं. वाचलं आणि कोपरावरचा वण चोळत बसला. रागावेल असं वाटलं होतं. मला म्हणाला, “तू मला त्या दिवशी केवढ्या शिव्या दिल्यास.” बस, एवढंच. मग मला रडू आलं. साठीला आलेला माणूस, काचेच्या खोलीत, आणि खाली लोक जेवून परत यायला लागलेले.

भोंगा झाला तेव्हा मी खाली उतरत होतो. धाकटा माझ्या एक पायरी पुढे, वळून वळून बघत. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. किल्ली मी साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, माझे डोळे नीट तपासा, तक्त्यावर नाही. खाली कुणी ओळीने उभं नव्हतं. एका माणसाने विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, नाही वाटत.

काल डॉक्टरांनी एका यंत्रात मान अडकवून बसवलं. समोर ठिपके लागतात, दिसला की बटण दाबायचं. मी बराच वेळ काही न दाबता बसलो होतो, कारण काही लागतच नव्हतं. मला वाटलं, यंत्र बंद पडलंय. डोळ्यांतला दाब वाढून आतली नस खराब झाली आहे, दोन्ही डोळ्यांत, बरीच वर्षं. गेलेलं परत येणार नाही. राहिलेलं टिकवायला रोज दोन वेळा थेंब घालायचे. डॉक्टर म्हणाले, वर्षभराने आला असता तर वाईट झालं असतं. कुणाचं, ते त्यांना माहीत नव्हतं.

उरलेले महिने आता मी अवजारांच्या खोलीत, जमिनीवर. लोक येतात, पाने-हातोडे मागतात, मी देतो. वाईट वाटतं. खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटतं. वर बघतो तर केबिनमध्ये दुसरा माणूस. पण त्याच्याखाली धाकटा धडधाकट उभा दिसला की जिवात जीव येतो.

बायकोची माफी मागितली. ती म्हणाली, “कांदा मी ठेवलाच होता.” तेवढंच म्हणाली, पण सकाळपासून चारदा. थेंब तीच घालते. माझा नेम चुकतो.

चित्र सोबत पाठवतोय. मागची बाजूही तपासा, नियमच आहे तुमचा. पिंपाच्या डावीकडे एका माणसापुरती जागा आहे, आणि घरी आणल्यावर तिथे त्याला काढावं असं फार वाटलं. ब्रशही ओला केला होता. पण काढला नाही. तुम्ही सांगितलं होतं, दिसेल तेवढंच काढायचं. गुण किती द्यायचे ते तुम्ही बघा.

त्याचं चित्र वेगळ्या कागदावर काढतोय. आत्ता माझ्या अगदी समोर बसवलंय त्याला, बरोबर खिळ्याखाली, आणि बजावलंय की हलायचं नाही. सारखा हलतोय.

आपला विद्यार्थी,
क्र. २१७